तुझा तो ख्रिस्ती कुठे राहतो?

बर्नी कुलासो गेल्याचं सांगायला त्याच्या मुलीनं मला फोन केला, तेव्हा मी तिच्याशी बर्नीची नक्कल करून बोललो.

फोन बर्नीच्या नंबरवरून आला होता, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल. सकाळचे आठ वाजले होते, मी दाढी करत होतो, आणि मोबाइलवर त्याचं नाव उमटलं की गेली कित्येक वर्षं मी जे करत आलो तेच केलं. गळा सैल सोडला, आवाज नाकात नेला आणि सुरू झालो, "व्हॉट मॅन बर्नी! मॉर्निंग-मॉर्निंग व्हॉट हॅपन मॅन? वाइफ थ्रो यू आउट ऑर व्हॉट मॅन?" पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, आज गडी मजा घेतोय, म्हणून मी आणखी दोन-तीन 'मॅन' पेरले. मग एक बारीक आवाज आला, "सावंत अंकल, मी शेरिल. डॅडी गेले... पहाटे, झोपेत." बापाच्या फोनमधली नावं बघून ती एकेकाला कळवत होती. मी "सॉरी" म्हणालो, तर ते 'सॉरी'सुद्धा त्याच आवाजात निघालं. पुढचा 'मॅन' तेवढा मी दातांनी अडवला. अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल गुळगुळीत, असा मी आरशासमोर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

आम्ही दोघं माझगावला, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. तो ड्राफ्ट्समन आणि मी ट्रेसर. म्हणजे तो आकृती काढायचा आणि मी तिच्यावर पातळ कागद अंथरून ती शाईनं गिरवायचो. पुढे कॉम्प्युटर आले, टेबलं गेली, मीही ड्राफ्ट्समन झालो, पण आमच्यातली वाटणी तीच राहिली. मूळ तो, गिरवणारा मी. फक्त कागदावर मी चांगला गिरवायचो.

मी लालबागचा. वडील गिरणीत, घरात मालवणी, शाळा मराठी, आणि जिन्याखाली मसाला कुटायचं दुकान, त्यामुळे आमच्या चाळीत नवा माणूस आला की आधी शिंकायचा आणि मग नाव सांगायचा. ख्रिश्चन माणूस मी तोवर पडद्यावरच पाहिलेला. गळ्याला लाल रुमाल, हातात बाटली, आणि दर दोन शब्दांनंतर 'मॅन'. कामावर रुजू झालो त्या दिवशी साहेबानं सांगितलं, खिडकीजवळ बसलेत ते मिस्टर कुलासो, त्यांच्याकडे जा. मी गेलो, पँट वर ओढली, घसा साफ केला आणि आमच्या आख्ख्या खात्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणालो, "गुड मॉर्निंग मॅन, आय सावंत मॅन!" बर्नीनं पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे मराठीत म्हणाला, "बसा. गाव कुठला तुमचा?"

मी म्हणालो, "कणकवलीकडे. आणि तुमचं? गोवा?"

"आमचा गाव हाच," तो खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला. "तो पिंपल दिसते ना, त्याच्या मागे घर. आम्ही कुठून आलो नाय. तुम्ही सगले आलात."

सांगायचं म्हणजे बर्नी ईस्ट इंडियन. मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी. माझगावच्या जुन्या गावठाणात त्याचं लाकडी जिन्याचं घर, आणि त्या घरात त्याची आई, तो, पुढे त्याची बायको फिलोमिना, सगळे मराठीच बोलायचे. ती मराठी आमच्या पुस्तकातली नव्हे. तिच्यात 'ळ'ला जागा नाही, आणि 'मला' म्हणायचं तिथे 'माना'. शेरिल कॉन्व्हेंटात जायला लागल्यावर घरात थोडी इंग्रजी शिरली, तीही तिच्यापुरती. म्हणजे बर्नीची इंग्रजी मुख्यतः ऑफिसच्या वाट्याला यायची, आणि तिथे ती ऐकायला सर्वांत जवळ मी बसायचो. आता मागे वळून बघताना हे मला फार चमत्कारिक वाटतं. पहिल्या दिवशी त्या माणसानं माझ्याशी मराठीत सुरुवात केली, आणि तरीही त्याची नक्कल म्हणून मी जी केली तिच्यात तो जन्मभर इंग्रजीच बोलला, आणि तीही त्याची नव्हे.

एकदा मात्र मला शहाणं व्हायची संधी आली होती. एक परदेशी जहाज गोदीला लागलं होतं आणि त्याचा चीफ इंजिनियर आमच्याकडे आला. स्कॉटलंडचा, तांबडा, आडव्या बांध्याचा. तो बोलायला लागला आणि सगळं ड्रॉइंग ऑफिस एकमेकांकडे बघू लागलं. ही इंग्रजी आहे असं आम्हाला फक्त तर्कानं कळत होतं. 'र' असा यायचा, जसं कुणीतरी फरशीवरून पिंप गडगडत नेतंय. साहेबानं जहाजाच्या बिघडलेल्या पंपाची मापं उतरवून घ्यायला मला पुढे केलं. मी घसा साफ केला, "येस सर" म्हणालो. दुसऱ्या वाक्याला "येस सर्र" झालं. पाचव्या वाक्यापर्यंत मी स्वतःच गडगडत होतो, "थर्र्टी थ्र्र्री सर्र्र, व्हेर्र्री गुड सर्र्र!" देवाशपथ सांगतो, मुद्दाम नव्हतं. घाबरलो की माझ्या तोंडातून समोरच्याचा आवाज यायला लागतो, हे माझं लहानपणापासूनचं आहे. शाळेत तोतऱ्या मास्तरांपुढे मी तोतरा बोलून मार खाल्लेला आहे. तो इंजिनियर आधीच तांबडा, तो आणखी तांबडा झाला. त्यानं बर्नीकडे वळून काहीतरी विचारलं. आम्हाला कळलं नाही, पण सूर कळला. हा माणूस माझी टिंगल करतोय का?

बर्नी म्हणाला, "नो सर. ही इज फ्रॉम लालबाग. ही डझ इट टु एव्हरीबडी. इट मीन्स ही लाइक्स यू."

त्या माणसाला हसू फुटलं. मग बर्नीनं मला बाजूला सरकवलं आणि मापं स्वतः घेतली. मी बघत राहिलो. त्यालाही त्या इंग्रजीतलं निम्मंच कळत होतं, पण तो इंजिनियरच्या तोंडाकडे बघतच नव्हता. ड्रॉइंगवर त्याचं बोट कुठे टेकतंय ते बघत होता. बोट टेकलं की बर्नी आकडा परत म्हणून दाखवायचा, स्वतःच्याच आवाजात, सावकाश. आकड्याआधी जरासा थांबायचा. समोरच्यानं मान हलवली की लिहायचा. अर्ध्या तासात आख्ख्या पंपाची मापं कागदावर आली, एकही चुकलं नाही. जेवताना मी त्याला विचारलं, तुला ते कळलं कसं? त्यानं डब्यातला बोंबील माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "तू ऐकत नाय, सावंत. तू पकडतो."

मी ते वाक्य कौतुक म्हणून घरी घेऊन गेलो. बायकोलाही सांगितलं.

आणि पकडलेलं मी चाळीच्या गणपतीत विकायला काढलं. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात माझा 'माझगावचा ख्रिस्ती' हा आयटम इतकी वर्षं चालला की पोरांना पाठ झाला होता. लाल रुमाल, बाटलीत काळा चहा, आणि "व्हॉट मॅन, गणपती कमिंग, आय ऑल्सो कमिंग मॅन!" मी तोंड उघडायच्या आत लोक हसायचे. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. समोर बसलेल्यांपैकी बर्नीला कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि तरी नक्कल हुबेहूब आहे असं प्रत्येक जण सांगायचा. कशाशी हुबेहूब? त्यांनी जे पडद्यावर ऐकलं होतं, तेच मीही ऐकलं होतं. ते ओळखीचं लागलं की झालं... बाहेरच्या माणसाला बोली ऐकू येते ती अशीच. तिच्यातला एखादा शब्द खुंटीसारखा सापडतो आणि मग सगळा माणूस आपण त्या खुंटीला टांगतो. आमच्या मालवणीचंही लोक असंच करतात. कुणी दोनदा नाकातून 'गो' म्हटलं की त्याला मालवणी आली. त्याचा मला राग येतो, हे इथे कबूल करून ठेवतो.

बर्नी निवृत्त झाला तेव्हा ऑफिसच्या कार्यक्रमात हा आयटम मी त्याच्यासमोर केला. त्याची भेट म्हणून सफारीचं कापड हिंदमाताच्या बाजारात जाऊन मीच निवडून आणलं होतं, म्हणजे प्रेमाबद्दल कुणी शंका घेऊ नये. मी झिंगत स्टेजवर आलो, बाटली उंच केली, "फेअरवेल मॅन! पेग व्हेअर मॅन?" लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. बर्नी आयुष्यात दारू प्यायला नव्हता. पार्टीत लिंबूसरबत घेऊन कोपऱ्यात बसायचा, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि मला तर सगळ्यात जास्त. पहिल्या रांगेत बसून तो टाळ्या वाजवत होता. नंतर त्याची पिशवी धरून मी त्याच्या घरापर्यंत चालत गेलो. पिंपळापाशी तो थांबला.

"सावंत, तुझा तो ख्रिस्ती हाय ना," तो म्हणाला, "माना आवडते तो. कुठे राहते?"

मी मोठ्यानं हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली. तोही हसला. ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, हे मला कळायला तो जावा लागला.

त्याच्या महिन्याच्या मिस्सेला मी गेलो होतो. माणूस गेल्यावर महिन्यानं त्याच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना होते आणि मग जवळची माणसं घरी येतात. गावठाणातलं तेच घर, तोच लाकडी जिना. तिसरी पायरी करकरते, तिच्यावर पाय न देता वर जायचं हे बर्नीनं मला शिकवलेलं. चहा, पॅटिस, भिंतीवर त्याचा फोटो आणि फोटोखाली त्याची खुर्ची. खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. आम्ही दहाएक जण होतो. शेरिल माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अंकल, एक रिक्वेस्ट आहे. मम्मीला डॅडींचा आवाज ऐकायचाय. आमच्याकडे धड काही नाहीच. डॅडी व्हॉइस मेसेज पाठवायचे नाहीत, आणि माझ्या लग्नाच्या व्हिडिओत त्या माणसानं सगळ्यांच्या बोलण्यावर गाणी टाकून ठेवलीत. डॅडींचं तोंड हलतं आणि बँड वाजतो. तुम्ही त्यांची नक्कल करता ना? सगळे सांगतात, हुबेहूब करता. एकदाच करा. डॅडी जिन्याखालून मम्मीला हाक मारायचे ना, तेवढीच."

तिनं फोनवरच्या त्या सकाळचा एका शब्दानं उल्लेख केला नाही. तिची आई समोर बसली होती, हात मांडीवर, डोळे मिटून. ती वाट बघत होती. मी उभा राहिलो. पँट वर ओढली, घसा साफ केला. सगळे एकदम खाली बघू लागले. आणि तोंडातून बाहेर आलं, "व्हॉट मॅन फिलू..."

फिलोमिनानं डोळे उघडले. "हा कोण?" ती म्हणाली.

मी म्हटलं, थांबा वहिनी, जरा लांबून करतो. जिन्यात गेलो. करकरणाऱ्या पायरीवर मुद्दाम पाय दिला, निदान ती तरी खरी वाजावी म्हणून. आणि तिथे उभा राहून मी बर्नीला आठवू लागलो. त्याचं वाक्य मला आठवत होतं, रोज संध्याकाळी तो हाक मारायचा, "फिलू, किटली ठेव गं." मी शेकडो वेळा त्याच्या मागून तो जिना चढलो होतो. पण ते वाक्य वर चढायचं की खाली उतरायचं? 'फिलू' लांबवायचा की 'किटली'? आवाज जाड होता की बारीक? काही म्हणता काही हाताला लागेना. कपाट उघडावं आणि आत सगळे आपलेच कपडे निघावेत, तसं. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्या माणसाचा आवाज कधी घरी नेलाच नव्हता. वरून दहा माणसं ऐकत होती. मी खालून म्हणालो, "वहिनी, नाही जमत."

वर आलो तेव्हा माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. शेरिलनं मला पाणी दिलं. आईकडे बघून तिनं काहीतरी विचारल्यासारखं केलं, फिलोमिनानं मान हलवली. मग शेरिलनं स्वतःचा मोबाइल काढला. "अंकल, धड काही नाही म्हटलं ना... तसं एक आहे. गेल्या ईस्टरचं. मी गुपचूप रेकॉर्ड केलं होतं."

फोनमधून आधी ताटांचा आवाज आला. मग कुणीतरी घसा साफ केला, एकदा, दोनदा, गाणं सुरू करणाऱ्या गवयासारखा. आणि मग एक माणूस इंग्रजी बोलू लागला. प्रत्येक अक्षर वेगळं, समान वजनाचं, जसं कुणी वाण्याच्या तराजूत मोजून टाकतंय. "ॲक्च्युअली... व्हॉट आय से इज... काय म्हणतात त्याला... द मेन थिंग इज... ॲक्च्युअली..." मुख्य गोष्ट काही येईना. परत घसा साफ. परत "द मेन थिंग इज". मला त्या गृहस्थाची दया आली. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "हे कोण? तुमच्या चर्चमधले का? बिचाऱ्याचं वाक्य गावाला पोचतच नाहीये."

आणि सगळं घर हसलं. खुर्चीशेजारी बसलेली एक म्हातारी तर डोळे पुसायला लागली.

"अंकल," शेरिल म्हणाली, "हे डॅडी आहेत. तुमची नक्कल करतायत."

मी ती क्लिप परत लावायला सांगितली. त्या फोनमध्ये दोन माणसं होती, दोन्ही माझ्या चांगल्या ओळखीची, आणि मला एकही ओळखू आला नव्हता. आता ऐकलं तर सगळं होतं. वाक्याआधी मी घसा साफ करतो हे मला ठाऊकच नव्हतं. 'काय म्हणतात त्याला' हे मी इंग्रजीच्या मधोमध म्हणतो, हेही. आणि मेन थिंग... ती कधी येत नाही, हे माझ्या बायकोला बहुधा लग्नापासून माहीत असावं. शेरिल म्हणाली, पँट वर ओढण्याचंही डॅडी करायचे, ते फोनमध्ये दिसत नाही. आत्ता मी जिन्यात जायच्या आधी उभा राहिलो तेव्हा सगळे खाली का बघत होते, ते मला तेव्हा कळलं.

"कधीपासून करायचा हे?" मी विचारलं.

"मला कळतंय तेव्हापासून. ख्रिसमसला, ईस्टरला, कुणी पाहुणे आले की. आम्ही सांगायचो, डॅडी, सावंत अंकलसमोर करा ना, ऑफिसच्या पार्टीत करा. ते म्हणायचे, घरच्या माणसाची नक्कल घरातच करायची."

बराच वेळ मी पॅटिस खात राहिलो. मग जे इतके दिवस पोटात होतं ते फिलोमिनाला विचारलं. "वहिनी, खरं सांगा. मी स्टेजवर ते सगळं करायचो, बाटली वगैरे... त्याला वाईट वाटायचं?"

"माना वाटायचा," ती म्हणाली. "मी रागवायची. तो बोलायचा, फिलू, सावंत माझी नक्कल करीत नाय. तो दुसऱ्या कोणाची तरी करते. मी त्या मानसाला ओलखत नाय, तर मी कशाला रागवू?"

म्हणजे पिंपळाखाली त्यानं मला खरोखरच विचारलं होतं. कुठे राहते.

तेव्हापासून मी एक उद्योग करतो. रोज थोडा वेळ बसून बर्नीचा आवाज आठवतो. पडद्यावरचा तो लाल रुमालवाला आधी येतोच, त्याला दाराशी उभा करतो आणि वाट बघतो. हळूहळू एकेक गोष्ट येते. आकड्याआधीचं ते थांबणं आलं. 'हो' म्हणताना तो श्वास आत घ्यायचा, ते परवा बाजारात मासे घेताना एकदम आलं. रागावला की त्याचा आवाज वर न जाता खाली जायचा. एवढंच. 'फिलू, किटली ठेव गं' अजून आलेलं नाही. इंग्रजी बोलायची वेळ आली की मात्र पंचाईत होते. परवा बँकेत मॅनेजरीणबाईंपुढे घसा साफ केला आणि तिथल्या तिथे हसू आलं. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला ठसका लागला. त्यांनी पाणी मागवलं.

मागच्या रविवारी पुन्हा गावठाणात गेलो होतो. तिसरी पायरी टाळून वर चढलो, तर आतून माझाच आवाज येत होता. "ॲक्च्युअली... द मेन थिंग इज..." फिलोमिना बर्नीच्या खुर्चीत बसली होती, शेरिलनं ती क्लिप आता तिच्या फोनवर घालून दिलीय. ती रोज संध्याकाळी ऐकते म्हणे, किटली ठेवायच्या वेळेला. मी दारातच थांबलो. मला फार विचित्र वाटलं. तिच्याकडे नवऱ्याचा जेवढा म्हणून आवाज उरलाय, त्यात बोलतोय मीच. माझाच घसा, माझंच अडखळणं. मी म्हणालो, "वहिनी, ह्यात तो कुठे आहे? हा तर सगळा मीच आहे. कसं ऐकवतं तुम्हाला?"

तिनं बोटानं मला गप्प राहायची खूण केली. फोनमध्ये माझं वाक्य पुन्हा एकदा अर्ध्यावर बसलं, आणि मग जेवणाच्या टेबलावरची सगळी माणसं हसली, त्यांच्यात एक जण सर्वांच्या नंतर, खालच्या पट्टीत, श्वास आत ओढत... दोन सेकंद, फार तर तीन. क्लिप संपली.

"शेवटाला तो हसते ना," फिलोमिना म्हणाली, "तेवढ्यासाठी ऐकते. आता त्याच्या आधी तुझी सगली कटकट ऐकावी लागते, त्याला काय करणार?"